हरण्याची सवय नक्की कुणाला लागली होती? कॅन्सस स्टेट फुटबॉलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कॅन्सस हे अमेरिकेच्या मध्यावरचे गव्हाचे राज्य. तिथल्या फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांत मॅनहॅटन नावाचे गाव आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनशी त्याचे नावापलीकडे काही जुळत नाही, म्हणून गावकरी थट्टेने त्याला 'लिटल ॲपल' म्हणतात. इथले कॅन्सस स्टेट विद्यापीठ १८६३ सालचे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली आपली कृषी विद्यापीठे ज्या अमेरिकी 'लँड ग्रँट' (सरकारी जमिनीच्या अनुदानातून उभ्या राहिलेल्या कॉलेजांच्या) नमुन्यावर बेतली, त्या नमुन्यातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक. शेती, पशुवैद्यक, धान्य दळण्याचे शास्त्र यांत नाव मोठे. फुटबॉलमध्येही नाव होतेच, पण लाज वाटावी असे.

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा रिकाम्या मैदानात उरकल्या जातात, तसे तिथे नसते. शनिवारी अख्खे राज्य स्टेडियमकडे वळते, टीव्हीचा पैसा येतो, माजी विद्यार्थी देणग्या देतात. या प्रकरणाच्या काळात खेळाडूंना मात्र फक्त शिष्यवृत्ती मिळे. (पदावरची माणसे सार्वजनिक नोंदीतली आहेत, म्हणून त्यांची नावे दिली आहेत. खेळाडूंची नावे गाळली आहेत. विषय त्यांचा नाही.)

१९८८ चा हंगाम संपला तेव्हा कॅन्सस स्टेटच्या खात्यावर ५१० पराभव होते. पराभवांचे पाचवे शतक गाठणारा हा देशातला पहिला मोठा संघ. १९५५ पासूनच्या ३४ हंगामांत हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकले असे हंगाम दोनच, १९७० आणि १९८२. ऑक्टोबर १९८६ नंतर तर एकही विजय नव्हता: २६ पराभव आणि एक बरोबरी. बरोबरी होती शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी, १७-१७. तो संघही तेव्हा जवळपास तितकाच गाळात होता. १९८९ च्या हंगामाच्या तोंडावर एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाने या संघावर मोठा लेख छापला. देशातला सर्वांत निरुपयोगी फुटबॉल कार्यक्रम, असा त्याचा सूर होता.

पेच

पैसा नाही म्हणून हरतो, की जिंकण्याची मानसिकताच नाही म्हणून हरतो? प्रत्येक पडेल संघाभोवती हा वाद चालतो. कॅन्सस स्टेटचे प्रकरण त्यासाठी उत्तम, कारण इथे दोन्ही औषधे आधी वेगवेगळी देऊन झाली होती.

पहिले औषध पैशाचे, सोबत थोडी घोषणाबाजी. १९६७ मध्ये आलेल्या व्हिन्स गिब्सन या प्रशिक्षकांनी 'पर्पल प्राइड' ही आरोळी दिली. जांभळा हा विद्यापीठाचा रंग. १९६८ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. १९६९ मध्ये ओक्लाहोमासारख्या बलाढ्य संघाला ५९-२१ असे धुतले. पुढच्याच वर्षी नियमभंगाबद्दल 'बिग एट' या त्यांच्या साखळीने कारवाई केली आणि हवा गेली. गिब्सन यांच्या आठ वर्षांचा हिशेब ३३ विजय, ५२ पराभव.

दुसरे औषध जवळपास फुकटचे. १९८१ मध्ये जिम डिकी यांनी आपले बरेच अनुभवी खेळाडू वर्षभर बाकावर बसवले. नियमानुसार त्यांचे खेळण्याचे एक वर्ष त्यामुळे शिल्लक राहिले, आणि १९८२ मध्ये संघ एकदम पिकलेल्या खेळाडूंनिशी उतरला. विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला 'बाउल', म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना, पदरात पडला. तो हरले. पुढच्या वर्षी तीच माणसे पदवी घेऊन गेली आणि संघ ३-८ (३ विजय, ८ पराभव) वर घसरला. युक्ती होती, जिद्दही होती. मागे उभे राहायला काही नव्हते.

म्हणून १९८८ च्या हिवाळ्यात पेच वेगळाच होता. नेमके काय कमी आहे ते ठरवायचे, आणि ते ठरवणारी माणसे स्वतः त्या कमतरतेत किती सामील आहेत तेही बघायचे. माझ्या मते खरी गोम या दुसऱ्या भागात आहे. खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातात. ४० वर्षांची हरण्याची सवय त्यांच्या अंगात कशी मुरेल? मुरते ती अंदाजपत्रक मांडणाऱ्यांच्या अंगात. यंदाही हरणारच, मग सहायक प्रशिक्षकांना जास्त पगार कशाला, हा हिशेब दरवर्षी नव्याने करावाही लागत नाही. गेल्या वर्षीचा आकडा पुढे ओढला की झाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, बिग एट सोडायची. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांच्यासारख्यांशी दरवर्षी भिडून हाडे मोडून घेण्यापेक्षा खालच्या पातळीवर जाऊन मानाने खेळायचे. ही चर्चा उघड होती आणि वेडगळ मुळीच नव्हती. पण साखळी सोडली की तिच्या उत्पन्नातला वाटा जातो, आणि त्या वाट्यावर बाकीचे खेळही जगत होते.

दुसरा पर्याय, आहे तसे चालू ठेवायचे. बलाढ्य संघ पाहायला गर्दी येतेच. तिकिटांचा आणि साखळीचा वाटा घ्यायचा, हरायचे आणि गप्प बसायचे. हा पर्याय कुणी कागदावर मांडला नसता, पण अनेक वर्षे अमलात होता तो हाच.

तिसरा, फक्त प्रशिक्षक बदलायचा. स्टॅन पॅरिश तीन वर्षांत २ विजय, ३० पराभव, १ बरोबरी असे करून गेले होते. त्यांच्या जागी दुसरा कुणी त्याच पगारात, त्याच सहायकांच्या तुटपुंज्या मानधनात. सर्वांत स्वस्त, सर्वांत सोयीचा आणि आधी अनेकदा हरलेला पर्याय.

चौथा, पैसा आणि माणूस एकाच वेळी बदलायचे, आणि निकालासाठी काही वर्षे थांबायची तयारी ठेवायची.

जॉन वेफाल्ड १९८६ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष, आपल्या भाषेत कुलगुरू, झाले होते. विद्यार्थीसंख्या घसरत होती. फुटबॉल संघाची नाचक्की आणि विद्यापीठाची पत या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, असे त्यांचे मत बनले. प्राध्यापक मंडळींना ते पटण्यासारखे नव्हते, आणि त्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो: प्रयोगशाळेला पैसा नसताना खेळाला का? पण वेफाल्ड आणि क्रीडा संचालक स्टीव्ह मिलर चौथ्या पर्यायावर ठाम राहिले.

काय केले

नोव्हेंबर १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठातले आक्रमण-प्रशिक्षक बिल स्नायडर यांची नेमणूक झाली. वय ४९, मोठ्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद कधीच भूषवलेले नाही. पण त्यांनी एक पडका वाडा उभा राहताना आतून पाहिला होता. १९६१ नंतर एकही विजयी हंगाम न पाहिलेल्या आयोवाला हेडन फ्राय यांनी १९८१ मध्ये रोझ बाउल या मानाच्या सामन्यापर्यंत नेले, तेव्हा स्नायडर त्यांचे सहायक होते. मॅनहॅटनमधल्या पहिल्याच पत्रकार परिषदेत ते अशा अर्थाचे बोलले की, कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा कायापालट घडवण्याची संधी आज इथे आहे. ऐकणाऱ्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले असणार.

पैसा आधी कुठे गेला, हे बघण्यासारखे आहे. मोठ्या इमारती नंतर आल्या. आधी आले सहायक प्रशिक्षकांचे पगार. बॉब स्टूप्स, जिम लेव्हिट अशी तरुण मंडळी आली; पुढे ती स्वतः नावाजलेले मुख्य प्रशिक्षक झाली. हेल्मेटवरचे जुने चित्र जाऊन १९८९ मध्ये धारदार रेषांचा 'पॉवरकॅट' आला. बोधचिन्ह बदलून सामने जिंकले जात नाहीत, पण फ्राय यांनीही आयोवात हेच केले होते. जुन्या हेल्मेटशी जोडलेली आठवण पुसायची असेल तर स्वस्तातला उपाय आहे.

खेळाडूंसाठी स्नायडर यांनी १६ उद्दिष्टांची यादी केली. बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकजूट, रोज सुधारणा, चुका टाळणे, हार मान्य न करणे, जिंकण्याची अपेक्षा ठेवणे, वगैरे. सुटी वाचली तर कुठल्याही कार्यालयाच्या भिंतीवरची सुविचारांची पाटी वाटेल. फरक अंमलबजावणीत होता. यादीतली 'रोज सुधारणा' मोजली जाई, सरावाच्या फितींवर, एकेका पावलाची. स्वतः स्नायडर दिवसातून एकदाच, रात्री उशिरा जेवत. जेवायला बसले की कामाचा वेळ जातो, हे कारण. सहायकांचे हाल काय झाले असतील ते त्यांच्या घरच्यांना विचारावे.

पुढचे दोन निर्णय जास्त महत्त्वाचे. दोन्हींत पैसा आणि मानसिकता वेगळी काढता येत नाहीत.

पहिला वेळापत्रकाचा. त्या काळी हंगाम ११ सामन्यांचा. बिग एटमधले ७ सामने ठरलेले, उरलेल्या ४ सामन्यांसाठी प्रतिस्पर्धी आपण निवडायचे. गरीब संघ हे चार सामने बहुधा विकतात: मोठ्या संघाच्या मैदानावर जायचे, मार खायचा, घसघशीत धनादेश घेऊन परतायचे. स्नायडर यांनी हळूहळू उलटे केले. हे चार सामने हलक्या संघांशी आणि होता होईल तो घरच्या मैदानावर. गणित सरळ आहे. बाउलसाठी पात्र व्हायला ६ विजय लागतात; चार इथून आले तर साखळीतल्या सातांपैकी दोनच जिंकायचे उरतात. देशभरचे स्तंभलेखक हसले, भित्रेपणा म्हणाले. पण हा धोरणी निर्णय होता आणि तो फुकट नव्हता, कारण विकलेल्या सामन्याचा धनादेश सोडून द्यावा लागतो. वरच्या मजल्यावरची मानसिकता बदलली आहे की नाही, याची कसोटी मला इथे दिसते. संघाला जिंकायची सवय लागावी म्हणून तिजोरीने आजचे उत्पन्न सोडायचे. आधीच्या कुणी प्रशासकाने हे केले नसते.

लगेच फळ आले असे मात्र नाही. १९८९ मध्ये ॲरिझोना स्टेटने ३१-० ने लोळवले. मग नॉर्दर्न आयोवा या खालच्या पातळीवरच्या संघाकडूनही १०-८ अशी हार. नॉर्दर्न इलिनॉयकडूनही. विजयाविना सलग ३० सामने झाले. ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्ससविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत १७-१४ अशी पिछाडी होती. घड्याळ संपता संपता शेवटच्या फेकीवर टचडाउन (सहा गुणांची नोंद) झाला आणि २०-१७ ने सामना जिंकला. गंमत अशी, की स्नायडर एके काळी याच नॉर्थ टेक्ससमध्ये फ्राय यांच्या हाताखाली सहायक होते. त्या हंगामातला तो एकमेव विजय. शेवट १-१०.

आणि इथे कुणी त्यांना काढले नाही. साधी वाटणारी ही गोष्ट या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय होता.

दुसरा निर्णय खेळाडूंच्या भरतीचा. नामांकित शाळकरी खेळाडू नेब्रास्काला जाणार, हे गृहीत होते. कॅन्ससमध्ये मात्र दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांचे भरघोस जाळे आहे आणि तिथे कसदार फुटबॉल चालतो. शाळेत गुण कमी पडलेली, मोठ्या कॉलेजांनी नाकारलेली मुले तिथे तयार होत. स्नायडर यांनी त्या वाटेने माणसे आणली. ही मुले वयाने मोठी, अंगाने भरलेली आणि दोनच वर्षे हातात असल्याने घाईत असायची. जोडीला आसपासच्या गावांतली, शिष्यवृत्तीशिवाय स्वखर्चाने संघात येणारी मुले. बाजारात ज्यांची किंमत कमी लागली होती ते सगळे इथे गोळा झाले.

निकाल

१९९० मध्ये ५-६. १९९१ मध्ये ७-४, तरीही बाउलचे निमंत्रण नाही; या गावचे प्रेक्षक प्रवास करतील यावर आयोजकांचा विश्वास नव्हता. पत नसणे हीदेखील एक गरिबीच. १९९३ मध्ये ९-२-१ आणि टुसॉनच्या कॉपर बाउलमध्ये वायोमिंगवर ५२-१७. समर्थक हजारोंनी ॲरिझोनाला गेले. तेव्हापासून सलग ११ वर्षे बाउल. १९९७ ते २००३ या सात हंगामांपैकी सहांत ११ विजय.

१९९८ हे शिखर, आणि तेवढीच उंच ठेच. १९६८ नंतर प्रथमच नेब्रास्काला हरवले, ४०-३०. टेक्ससमधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हायझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. सगळे ११ सामने जिंकून संघ 'बिग ट्वेल्व्ह'च्या, म्हणजे बिग एटच्याच वाढलेल्या साखळीच्या, अंतिम सामन्यात उतरला. जिंकला असता तर राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना मिळत होता. टेक्सस ए अँड एमविरुद्ध चौथ्या सत्रात २७-१२ अशी आघाडी होती. दुसऱ्या जादा वेळेत ३६-३३ ने हरले.

पुढचे वाचताना चीड येते. राष्ट्रीय क्रमवारीत तिसरा क्रमांक असूनही बड्या बाउलांपैकी एकानेही निमंत्रण दिले नाही. आठव्या क्रमांकाच्या फ्लोरिडाला ऑरेंज बाउल मिळाला. कॅन्सस स्टेट अलामो बाउलला गेले आणि पर्ड्यूकडून ३७-३४ ने हरले. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला जागा राखण्याचा नियम त्यानंतर झाला. ११-१ करणाऱ्या संघाला कुणी मानसिकतेचे धडे देऊ नयेत. इथे आडवा आला तो बाजार: गाव लहान, टीव्हीचा प्रेक्षक कमी, नाव नवखे.

डिसेंबर १९९८ मध्येच ओक्लाहोमाने बॉब स्टूप्स यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. तोवर ते कॅन्सस स्टेट सोडून फ्लोरिडाला गेलेले होते. त्यांच्यामागोमाग कॅन्सस स्टेटचे माइक स्टूप्स, मार्क मँजिनो, ब्रेंट व्हेनेबल्स ओक्लाहोमाला गेले. २००० मध्ये ओक्लाहोमा राष्ट्रीय विजेते झाले, आणि त्या वाटेवर त्यांनी कॅन्सस स्टेटला दोनदा हरवले. माणसे घडवायला जिद्द पुरली. टिकवायला तिजोरी लागते, आणि ती ओक्लाहोमाची मोठी होती.

तरी २००३ मध्ये अपराजित ओक्लाहोमाला ३५-७ ने चिरडून स्नायडर यांनी बिग ट्वेल्व्ह जिंकली. १९३४ नंतरचे हे पहिले साखळी-विजेतेपद. २००४ आणि २००५ मध्ये घसरण झाली, ते निवृत्त झाले, स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचे नाव मिळाले. उत्तराधिकाऱ्याच्या तीन वर्षांत १७ विजय, २० पराभव. २००९ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी स्नायडर यांना परत बोलावले. २०१२ मध्ये पुन्हा साखळीचे विजेतेपद. २०१८ अखेर ते थांबले तेव्हा २१५ विजय नावावर होते.

वेगळे काय करता आले असते

पहिले, हलके वेळापत्रक. १९९३ पर्यंत ते शहाणपणाचे होते. १९९७-९८ च्या ताकदीच्या संघाला त्याची गरज नव्हती. १९९८ मध्ये इंडियाना स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय, लुईझियाना-मन्रो यांच्याशी खेळून मिळवलेल्या विजयांना बाहेर कुणी मान देत नव्हते. संघ सुधारला की वेळापत्रकही चढते करायचे, हा निर्णय कुणीतरी १९९५ च्या सुमारास घ्यायला हवा होता. स्वतःला दुबळे समजण्याची सवय इथे यशानंतरही चिकटून राहिली, आणि या खेपेला ती स्नायडर यांची होती.

दुसरे, टोकियो. १९९२ मध्ये ५-५ वर असताना नेब्रास्काविरुद्धचा घरचा सामना जपानमध्ये खेळवला आणि ३८-२४ ने हरले. घरी जिंकले असते असे मी म्हणत नाही. पण सहाव्या विजयासाठी अडलेल्या संघाने घरचे मैदान सोडणे म्हणजे जुनी सामने विकण्याची खोड पुन्हा डोके वर काढणेच होते.

तिसरे, सहायकांसाठी वेगळी गंगाजळी. १९९९ च्या हंगामासाठी स्टेडियमची बैठक वाढवली, श्रीमंतांसाठी कक्ष बांधले. त्यातून उत्पन्न येते, मान्य. पण चांगल्या सहायकाला तीन-चार वर्षांसाठी बांधून ठेवणारा निधी देणगीदारांकडून त्याच वेळी मागता आला असता. अडचण अशी, की भिंतीवर नाव कोरून मिळत असेल तरच देणगीदाराचा हात सैल सुटतो.

चौथे, वारस. २००५ मध्ये त्याचा विचारच तोकडा पडला. २०१८ मध्ये स्नायडर यांची इच्छा आपला मुलगा शॉन याला पद मिळावे अशी होती आणि ते त्यांनी लपवले नाही. विद्यापीठाने ती मानली नाही. नॉर्थ डकोटा स्टेटला खालच्या पातळीवर चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे क्रिस क्लीमन यांना आणले. ज्याच्या नावाच्या स्टेडियममध्ये बसून निर्णय घ्यायचा, त्यालाच नाही म्हणणे सोपे नव्हते. २०२२ मध्ये क्लीमन यांच्या संघाने टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला (टीसीयू) जादा वेळेत ३१-२८ ने हरवून बिग ट्वेल्व्ह जिंकली.

हा नमुना आज कुणी उचलू पाहील तर दोन गोष्टी बदललेल्या आहेत. कम्युनिटी कॉलेजांची ती आडवाट आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या खुल्या यादीमुळे, राजरस्ता झाली आहे. २०२४ मध्ये इंडियाना विद्यापीठाने, पराभवांच्या यादीत असेच वरचे नाव, आधीच्या संघातले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आलेल्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले. कॅन्सस स्टेटला तिथे पोहोचायला नऊ हंगाम लागले होते. आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिष्यवृत्त्यांची संख्या सगळ्यांना सारखी, ही १९८९ मधली एक मोठी समानता होती. आताची मर्यादाही सगळ्यांना सारखीच आहे, पण तेवढी रक्कम उभी करणे सगळ्यांना सारखे जमणार नाही.